फुकटचे भूखंड!

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीत फराळाचा बेत होता. चकली मोडता मोडता एक गृहस्थ सहज म्हणाले, “मास्तर, इथल्या गावकऱ्यांची चैन आहे बुवा! साडेबारा टक्क्यांचे भूखंड फुकट मिळाले लेकांना!” सारे हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. सणासुदीला वाद नको, असा शहाणपणा केला. तो शहाणपणा वर्षभर मला टोचतो आहे. म्हणून आज बोलतो.

फुकट? वाचकहो, ज्या द्रोणागिरीत आज आपण आकाशकंदील लावतो, त्या परिसरात भातखाचरे होती, मिठागरे होती. 1970 साली सिडको आली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचे ठरले. मोबदला किती, हेही घेणाराच सांगणार! तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने ठाम उभा राहिला तो शेतकरी कामगार पक्ष, आणि त्याचे जासईचे पुढारी दि. बा. पाटील. 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखेला, याच उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळ्या सुटल्या. पाच शेतकरी पडले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कापून हाती उरते ती पावणेनऊ टक्के! याला फुकट म्हणायचे, तर महाग कशाला म्हणावे?

हा पक्ष काही आभाळातून पडला नव्हता. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. त्याच मातीत पुढे याची मुळे रुजली. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी 1947 साली काँग्रेसमध्ये राहूनच याची जुळवाजुळव केली आणि 1948 साली वेगळी चूल मांडली. 1950 साली दाभाडीला पक्षाने मार्क्सवादाची वाट धरली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही तो होता.

“पण आज त्याचे आमदार किती?” असे कोणी विचारील. 2024 च्या निवडणुकीत एक, सांगोल्याचा! मग काय झाले? विहीर खणणाऱ्याचे नाव तिच्या पाण्यावर तरंगत नाही. म्हणून पाणी पिणाऱ्याने विहीर आपोआप झाली म्हणावे काय?

मी पक्षाचा भाट नाही. जेधे 1954 साली काँग्रेसमध्ये परतले. खुद्द ‘दिबा’सुद्धा उतारवयात पक्ष सोडून शिवसेनेत गेले. लढा देणाऱ्यांनी घर मात्र सांभाळले नाही, हा ठपका पक्षाने मान खाली घालून ऐकलाच पाहिजे.

पण दुसरा ठपका आपल्यावर आहे. मध्यंतरी वर्गात मी विचारले, “जासईला 1984 साली काय झाले?” एक हात वर आला नाही. त्यात गावातली मुलेही होती. दोष मुलांचा नव्हे. फळ्यापुढे उभ्या असलेल्या माझा होता.

यंदाही ते गृहस्थ फराळाला येतील. चकली त्यांना आग्रहाने वाढीन. पण यंदा गप्प बसणार नाही.