नव्या आवृत्तीने निकामी होणारे विस्तारक : किंमत कोणी मोजावी?

गुगल कंपनीने आपल्या क्रोम या ब्राउझरमधील विस्तारकांची जुनी पद्धत २०२५ मध्ये पूर्णपणे बंद केली. त्यामुळे जाहिराती रोखणारे युब्लॉक ओरिजिन हे अत्यंत लोकप्रिय विस्तारक आपल्या मूळ स्वरूपात त्या ब्राउझरवर चालेनासे झाले. वापरकर्त्याने ते काढून टाकले नव्हते, त्याच्या निर्मात्यानेही ते मागे घेतले नव्हते. ब्राउझरची आवृत्ती आपोआप बदलली आणि वर्षानुवर्षे वापरात असलेले साधन एका दिवसात निरुपयोगी ठरले. संगणकाच्या जगात असे प्रसंग नवे नाहीत. मात्र या घटनेमुळे एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे. सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करण्याचा अधिकार त्याच्या निर्मात्याला असला, तरी त्या सुधारणेची किंमत कोणी मोजावी?

कोणतेही मोठे सॉफ्टवेअर सर्वांच्या सर्व गरजा भागवू शकत नाही. म्हणून त्याचे निर्माते बाहेरच्या विकासकांसाठी काही प्रवेशमार्ग खुले ठेवतात. या मार्गांचा उपयोग करून तयार झालेल्या लहान पूरक आज्ञावल्यांना प्लग-इन, ॲड-ऑन किंवा विस्तारक असे म्हटले जाते. भारतीय भाषांच्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी अनेक भारतीय वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फॉन्टमध्ये मजकूर देत असत. तो फॉन्ट संगणकावर नसल्यास वाचकासमोर केवळ निरर्थक चिन्हे उमटत. फायरफॉक्स ब्राउझरसाठी तयार झालेले ‘पद्म’ हे विस्तारक असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून दाखवत असे. भारतीय वाचकांची ही अडचण ब्राउझर तयार करणाऱ्या संस्थेने नव्हे, तर बाहेरच्या माणसांनी ओळखली आणि सोडवली.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का फायरफॉक्समध्येच बसला. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून विस्तारकांना ब्राउझरच्या अगदी अंतर्भागापर्यंत पोहोचण्याची मुभा होती. विस्तारक ब्राउझरचे रूप पालटू शकत होते, त्याच्या कामात हस्तक्षेप करू शकत होते. फायरफॉक्सच्या लोकप्रियतेत या मोकळीकीचा वाटा मोठा होता. परंतु मोझिला संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा इरादा जाहीर केला आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ५७ व्या आवृत्तीत तो अमलात आणला. ‘क्वांटम’ या नावाने आलेल्या या आवृत्तीत केवळ नव्या, मर्यादित पद्धतीने लिहिलेली विस्तारकेच चालू शकत होती.

या निर्णयामागील कारणे तांत्रिकदृष्ट्या सबळ होती. जुन्या विस्तारकांचा ब्राउझरच्या अंतर्गत रचनेशी थेट संबंध असल्याने त्या रचनेत कोठेही बदल केला, की कोणते ना कोणते विस्तारक मोडत असे. ब्राउझरचा वेग आणि सुरक्षितता वाढवण्यासाठी त्याचे काम अनेक स्वतंत्र प्रक्रियांमध्ये विभागणे आवश्यक झाले होते. जुनी विस्तारके मात्र सर्व काम एकाच प्रक्रियेत चालते, असे गृहीत धरून लिहिलेली होती. शिवाय एखाद्या विस्तारकाला सर्व काही करण्याची मोकळीक देणे म्हणजे दुष्ट हेतूने लिहिलेल्या विस्तारकालाही तीच मोकळीक देणे होय. घराला नवा पाया घालायचा असेल, तर जुन्या भिंतींना टेकून उभारलेल्या पडव्या तशाच ठेवता येत नाहीत, अशी मोझिलाची अडचण होती.

तरीही त्या पडव्यांमध्ये माणसे राहत होती. संशोधकांना संदर्भ जपून ठेवण्यास मदत करणाऱ्या झोटेरोने ५७ व्या आवृत्तीच्या काही महिने आधीच फायरफॉक्समधील आपले रूप बंद करून स्वतंत्र सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. सुरक्षिततेसाठी वापरले जाणारे नोस्क्रिप्ट नव्या पद्धतीने पुन्हा लिहून काही दिवसांच्या विलंबाने उपलब्ध झाले. मोठ्या प्रमाणावर फायली उतरवून घेणारे डाउनदेमऑल पुन्हा येण्यास २०१९ साल उजाडले आणि तेही पूर्वीपेक्षा कमी सोयींसह. ब्राउझरचे जुने रूप परत देणारे क्लासिक थीम रिस्टोअरर नव्या पद्धतीत बसणेच शक्य नव्हते. ज्यांना थांबायचे होते त्यांच्यासाठी दीर्घकालीन पाठबळ असलेली ५२ वी आवृत्ती सप्टेंबर २०१८ पर्यंत उपलब्ध होती. त्यानंतर तोही मार्ग बंद झाला.

क्रोमचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. विस्तारकांसाठीच्या नव्या नियमावलीचा, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही ३ चा मसुदा २०१८ च्या अखेरीस समोर आला. पूर्वीच्या व्यवस्थेत संकेतस्थळाकडे जाणारी प्रत्येक विनंती विस्तारक स्वतः तपासून ती रोखू शकत असे. नव्या व्यवस्थेत विस्तारकाने आपले नियम आधीच ब्राउझरकडे सोपवायचे आणि विनंती रोखायची की नाही, हे त्या नियमांच्या आधारे ब्राउझरने ठरवायचे, अशी योजना आहे. नियमांच्या संख्येवरही मर्यादा घालण्यात आली. आरंभी ती ३० हजार होती, टीकेनंतर ती वाढवण्यात आली. जुनी विस्तारके बंद करण्यासाठी आधी ठरलेली २०२३ ची मुदतही पुढे ढकलण्यात आली. जून २०२४ मध्ये चाचणी आवृत्त्यांवर इशारे झळकू लागले आणि पुढील वर्षी हा बदल पूर्ण झाला.

खासगीपणा, सुरक्षितता आणि वेग यांसाठी हा बदल आवश्यक असल्याचे गुगलचे म्हणणे आहे. हा युक्तिवाद निराधार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या क्रोम विस्तारकाची घातक आवृत्ती हल्लेखोरांनी अधिकृत मार्गानेच वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली होती. विस्तारकांना अनिर्बंध अधिकार असू नयेत, याबद्दल तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही. परंतु गुगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो आणि नव्या नियमावलीचा सर्वाधिक फटका जाहिराती रोखणाऱ्या विस्तारकांना बसला, ही वस्तुस्थितीही दुर्लक्षिता येत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्येच या योजनेवर कठोर टीका केली होती. नवी नियमावली स्वीकारूनही विनंती रोखण्याची जुनी सोय कायम ठेवण्याचा निर्णय मोझिलाने घेतला. त्यामुळे सुरक्षिततेसाठी ही सोय काढून घेणे अटळच होते काय, हा प्रश्न उरतो.

याबाबत वर्डप्रेसचे उदाहरण उद्बोधक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत मजकूर लिहिण्याची संपूर्ण पद्धत बदलण्यात आली. मात्र ज्या संकेतस्थळांचे प्लग-इन जुन्या संपादकावर अवलंबून होते, त्यांच्यासाठी जुना संपादक परत देणारे अधिकृत प्लग-इनही उपलब्ध ठेवण्यात आले. त्याला २०२१ अखेरपर्यंत पाठबळ देण्याचे ठरले होते, पण त्याची गरज कायम असल्याने ती मुदत वाढवण्यात आली. ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीत जुन्या आज्ञावल्यांना आधार देणारा एक सहायक भाग काढून टाकल्याने अनेक प्लग-इन बिघडले, तेव्हाही तात्पुरता आधार देणारे साधन तातडीने पुरवण्यात आले. सुधारणा थांबली नाही, पण मागे राहिलेल्यांना वाऱ्यावर सोडण्यात आले नाही.

या तीन उदाहरणांतून काही निकष हाती लागतात. बदलाची पूर्वसूचना पुरेशी होती काय, काढून घेतलेल्या क्षमतेला खरा पर्याय दिला गेला काय आणि नवी व्यवस्था नको असलेल्याला बाहेर पडण्याचा मार्ग होता काय, हे ते निकष होत. केवळ पूर्वसूचना पुरेशी नसते. फायरफॉक्सने दोन वर्षांहून अधिक, तर क्रोमने सहा वर्षांच्या आसपास वेळ दिला. परंतु जे काम नव्या पद्धतीत करताच येत नाही, ते करण्यासाठी कितीही मुदत दिली तरी तिचा उपयोग नसतो. निर्णय घेणाऱ्याचा आर्थिक हितसंबंध त्या निर्णयात गुंतलेला असेल, तर या निकषांची कसोटी अधिक काटेकोरपणे लावणे इष्ट ठरते.

यातील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे विस्तारकांचे निर्माते. त्यांपैकी अनेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता हे काम करतात. मोठ्या कंपनीच्या एका निर्णयामुळे त्यांना संपूर्ण आज्ञावली नव्याने लिहावी लागते. ज्याला ते शक्य नसते, त्याचे काम तेथेच थांबते. ज्या विस्तारकांचे वापरकर्ते कोट्यवधी असतात, त्यांच्यासाठी कोणी तरी पुढे येते. एखाद्या भाषेच्या, एखाद्या व्यवसायाच्या किंवा अंध वापरकर्त्यांच्या गरजेपोटी लिहिलेली लहान विस्तारके मात्र गाजावाजा न होता नाहीशी होतात. कमी लोकांना लागणाऱ्या गोष्टींची हानी आकडेवारीत दिसत नाही.

सुरक्षिततेसाठी सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे अनिवार्य असल्याने जुन्या आवृत्तीला चिकटून राहण्याचा सल्ला कोणीही देणार नाही. मात्र कार्यालये, ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांनी आपले दैनंदिन काम कोणत्या पूरक आज्ञावल्यांवर अवलंबून आहे, याची नोंद ठेवणे, महत्त्वाची माहिती एकाच प्लग-इनमध्ये अडकू न देणे आणि मोठा बदल सर्व संगणकांवर करण्यापूर्वी एका संगणकावर तो तपासून पाहणे एवढी दक्षता निश्चितच घेता येईल. मुख्य जबाबदारी मात्र निर्मात्यांचीच राहते. बाहेरच्या विकासकांनी केलेल्या श्रमांवर ज्यांनी आपली लोकप्रियता उभारली, त्यांनी प्रवेशमार्ग बंद करताना त्या श्रमांची दखल घेणे, हे सौजन्याचे नव्हे तर उत्तरदायित्वाचे लक्षण आहे.