‘स्वेच्छे’चा राजीनामा

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. पायी गावाकडे निघालेला मजूर साऱ्या देशाने पाहिला आणि त्याच्यासाठी ठिकठिकाणी स्वयंसेवकांच्या चुली पेटल्या. तो समाजधर्मच होता. पण त्याच महिन्यांत डोंबिवली, चिंचवड, नाशिक येथील सदनिकांमधून आणखी एक माणूस बेकार होत होता. तो रस्त्यावर आला नाही, म्हणून दिसला नाही. वय पंचेचाळीस-पन्नास, वीस वर्षे एकाच आस्थापनेत खर्ची घातलेली, घरकर्जाचे हप्ते चालू, मुलगी बारावीत. शिध्याच्या रांगेत उभे राहणे त्याच्या मनालाही शिवले नाही. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तो संगणकासमोर बसे आणि शेजाऱ्यांना वाटे, याचे ‘वर्क फ्रॉम होम’ चालले आहे!

त्याला काढले कोणी? कागदोपत्री कोणीच नाही. राजीनामा पाठवा, म्हणजे अनुभवाचे प्रमाणपत्र स्वच्छ मिळेल, असा गोड निरोप येई. या सौजन्याचे इंगित कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार वर्षभर सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्यास यातले काही नाही. शिवाय व्यवस्थापक, अथवा दहा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, त्या कायद्याच्या लेखी कामगारच नव्हता. ‘मॅनेजर’ झाल्याचे पेढे वाटणाऱ्यांना त्या पदाने आपले कवच काढून घेतल्याचे २०२० मध्ये कळले.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, अथवा शिलकेच्या ७५ टक्के, यांतील कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा मिळाली. पण ती म्हातारपणाची स्वतःचीच पुंजी होती. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबवता आले, व्याज मात्र चढतच राहिले. राज्य विमा महामंडळाने बेकारीभत्ता वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, तोही नव्वद दिवसांपर्यंत. पण तेव्हा एकवीस हजारांवर वेतन असणारा त्या योजनेच्या कक्षेतच नव्हता. पूर्ण वेतन देण्याचा २९ मार्चचा केंद्राचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना वाटाघाटींची वाट दाखवली. राजीनामा देऊन बसलेल्याने या वाटाघाटीत कोणत्या बाजूस बसायचे?

हे सारे घडले ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. १९५५ साली भारतीय मजदूर संघ उभा करताना दत्तोपंतांनी वर्गसंघर्षही नाकारला आणि माणसाला खर्चाची बाब मानणारी भांडवलशाहीही. उद्योग हा एक परिवार, ही त्या विचाराची धारणा. आपल्या कंपन्यांनी त्यातला शब्द तेवढा उचलला. वार्षिक संमेलनात ‘वुई आर अ फॅमिली’ आणि मे महिन्यात दूरध्वनीवरून राजीनामा! कोणत्या घरात तंगी आली म्हणून थोरल्या भावाला बाहेर काढतात?

उद्योग वाचला तर नोकऱ्या वाचतील, असे बाजारवादी पंडित सांगतात. ज्याचे मागणीपत्रकच कोरे झाले, त्या छोट्या कारखानदाराच्या तोंडी हे शोभते. परंतु मंदीचे निमित्त करून रिकामी केलेली खुर्ची वर्षभरात निम्म्या पगारावर पंचविशीतल्या मुलाला देणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. आणि डाव्यांचे काय सांगावे? त्यांच्या पोथीत हा माणूस ‘बूर्ज्वा’, त्यामुळे त्याच्यासाठी एखादी घोषणाही नाही. असो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने पर्यवेक्षकाच्या वेतनाची मर्यादा अठरा हजारांवर नेली. पुण्या-मुंबईत अठरा हजारांत कोणता पर्यवेक्षक मिळतो? कपात झालेल्या कामगारासाठी संहितेत पुनर्कौशल्य निधीचीही तरतूद आहे. ‘स्वेच्छेने’ गेलेला मात्र येथेही बाहेरच. खासगी नोकरभरतीत वयावरून डावलण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाहीच. संघटित कामगारांच्या हिताचा जागर करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हे दोन प्रश्न तितक्याच नेटाने हाती घ्यायला हवेत.

पण सारा दोष दिल्लीच्या दारी ठेवून चालणार नाही. इतर तिन्ही आश्रमांचा भार गृहस्थाश्रमावर, असे आपण बौद्धिकांत ऐकतो, आणि तोच गृहस्थ लग्नकार्यात ‘सध्या कुठे?’ या प्रश्नाला भिऊन कोपरा धरतो. नोकरी गेल्याचे कित्येकांनी सख्ख्या भावापासूनही लपवले. स्वदेशीवर तासभर बोलणारे उद्योजक आपल्याच परिचयात आहेत. त्यांच्या जाहिरातीत ‘वय ३५ पर्यंत’ ही ओळ असते. ती कोणी घातली, हे विचारले तर ‘पद्धत आहे’ असे उत्तर मिळते. पुढची जाहिरात देण्यापूर्वी त्यांनी ती एक ओळ खोडून पाहावी. अर्ज कोणाचे येतात, आणि त्यांतले किती आपल्याच शाखेतले, आपल्याच गल्लीतले निघतात, ते आठवडाभरात कळेल.