हात जोडायचा नाही, हात उचलायचाही नाही

बेड्यावरच्या बैठकीत अहिंसेचा विषय निघाला की आपले पोट्टे हसतात. म्हणतात, "अहिंसा पोट भरलेल्याले जमते. आपल्या पिकात ढोरं घातली तवा त्यायनं कुठं पाळली?" सवाल बरोबर आहे. तो टाळून चालणार नाही, म्हणून या अंकात त्यावरच लिहितो.

चांदूरहून गाडीत बसलं की वर्धा त्याच लाइनीवर. गांधीजी 1936 पासून तिथल्या सेवाग्रामला राहिले. पण शाळेत आपल्याला अहिंसा शिकवली ती फक्त दोन ऑक्टोबरच्या भाषणापुरती. त्यामुळं गैरसमज लय झाले. मार खाऊन गप बसणं, ठाण्यात "साहेब, तुम्हीच माय-बाप" म्हणणं, याला अहिंसा म्हणत नाहीत. तसं आपले आजे-पणजे करत आले, त्यानं एक एकरही मिळालं नाही. मटण सोडणं म्हणजेही अहिंसा नाही. तितर धरणारा पारधी हिंसक, आणि गळ्यात माळ घालून मजुराची मजुरी बुडवणारा अहिंसक, हे माप आपल्याला मान्य नाही. गरिबाचं उभं पीक चारून टाकणं हीच मोठी हिंसा आहे.

आता आपल्या ई-क्लासच्या जमिनीचं पाहा. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. म्हणजे हे भांडण पुराव्याचं आहे. त्या तारखेला वावरात कोण होतं आणि आज कोण आहे, हे आपल्याला दाखवायचं आहे. ज्याला आपल्याला हुसकायचं आहे त्यालाही हे समजते. म्हणून तो ढोरं घालतो, आया-बहिणीवर शिव्या देतो आणि वाट पाहतो. आपल्यातल्या एकानं काठी उचलली की त्याचं काम झालं. मंग जमिनीची केस मागं पडते आणि मारहाणीची पुढं येते. माणूस अमरावतीच्या जेलात, बाई जामिनासाठी वणवण फिरते, वावर पडीक. पडीक वावरावर हक्क सांगायचा तरी कसा?

भाऊ, हा फासा आहे. आणि फासा ओळखणं हा तर आपलाच पिढीजात धंदा. मग आपणच त्यात पाय काहून द्यावा?

आपल्या जातीचं आणखी एक आहे. 1871 साली इंग्रजानं कायदा करून कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, पण लोकांच्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या कोणी दगड मारला तर तो एका माणसाचा गुन्हा होतो. आपल्या पोट्ट्यानं मारला की अख्ख्या बेड्याचा. रात्री झडती येते ती सगळ्याच झोपड्यांवर. आपली काठी आपल्यालाच महाग पडते.

त्याच 1871 सालचा दुसरा एक कायदा आहे, कोंडवाड्याचा. पिकात शिरलेली ढोरं पीक करणाऱ्याला धरता येतात आणि 24 तासांच्या आत कोंडवाड्यात द्यावी लागतात. म्हणून ढोरं दिसली की एकट्यानं धावायचं नाही. पाच-सात जण जायचं, त्यात बाया असाव्या. ढोराला मारायचं नाही, गुराख्याला हात लावायचा नाही. तो बिचारा वर्षाच्या बोलीवर राहिलेला, आपल्यासारखाच भूमिहीन. तारीख, वेळ, ढोरं किती, पीक किती गेलं, हे वहीत लिहायचं. पटवाऱ्याला पंचनाम्याचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अतिक्रमणाच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 1-ई मध्ये, नाव आहे का ते पाहायचं. दंडाची पावती फाडू नका, प्लास्टिकच्या थैलीत ठेवा. ती आपली शिक्षा वाटते, पण तोच आपला पुरावा आहे. आणि गावच्या ढोरांना पाण्यावर जायचा रस्ता आपणहून सोडा. गरिबाच्या म्हशीचीही गरज असते.

हे भित्र्या माणसाचं काम नाही. डिसेंबर 1990 मध्ये नर्मदा खोऱ्यातले हजारो लोक सरदार सरोवर धरणाकडे निघाले. त्यात आपल्या महाराष्ट्रातले, अक्राणी-अक्कलकुव्याचे आदिवासीही होते. गुजरातच्या हद्दीवर फेरकुव्याला त्यांना अडवलं. तेव्हा त्यांच्या तुकड्या स्वतःचे हात दोरीनं बांधून पोलिसांसमोर गेल्या, का तर आम्ही दगड मारला असं कोणी म्हणू नये. मार बसला, पण हटले नाहीत. मेधाताई पाटकरांनी 22 दिवस उपोषण केलं. धरण काही रद्द झालं नाही. पण जागतिक बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली आणि 1993 मध्ये तिचा पैसा बंद झाला. बांधलेल्या हातांनी एवढं केलं.

शेवटी घरातलं बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. मोर्चात बाया पुढं असतात, ढोरांसमोर बाया उभ्या राहतात. घरी येऊन दारूच्या नशेत तिलाच मारायचं? रात्री मार खाल्लेली बाई सकाळी धुऱ्यावर कोणाच्या जोरावर उभी राहील? जातपंचायतीत बाईला दिल्या जाणाऱ्या शिक्षा आपण रूढी म्हणून झाकतो. पोलिसाची लाठी हिंसा आणि आपली लाठी रूढी, असं होत नाही. संघटनेत जो बायकोवर हात उचलतो, त्याला बैठकीत जाब विचारला पाहिजे, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो.

पेरणीच्या आधी प्रत्येक बेड्यानं तीन गोष्टी ठरवाव्या: वही कोण लिहील, धुऱ्यावर पाळी कोणाची, आणि संतापलेल्या पोट्ट्याला मागं कोण ओढील. तिसरं काम सगळ्यात कठीण आहे. ते शांत डोक्याच्या बाईला द्या.

— एक कार्यकर्ता, चांदूर रेल्वे