रील भावकीसाठी

बार्शीत मी लग्नांचे फोटो काढतो. जुलै 2024 मध्ये मुंबईत अंबानींच्या घरचं लग्न झालं, ते आमच्याकडे सगळ्यांनी मोबाइलवर चवीनं पाहिलं. कुणाच्या पोटात दुखलं नाही. दुखतं ते चुलत्यानं मुलीच्या लग्नात ड्रोन उडवला की. माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून पाहतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्येच मांडलं होतं. आमच्याकडे त्याला भावकी पुरते.

पूर्वी मानपानाचा तमाशा मांडवाबरोबर उतरायचा. आता रील वर्षभर फिरते. नवरीचे दागिने एक ग्रामवाले, भाड्याचे; गाडी मित्राची; हप्ते मात्र बापाचे. माझे अल्बमचे पैसे थकतात, रील त्याच रात्री हवी असते! इन्स्टाग्रामनं 2021 मध्ये लाइकचा आकडा झाकायची सोय सगळ्यांना दिली. माझ्या गिऱ्हाइकांत ती वापरणारा कुणी भेटलेला नाही. झाकायचंच असतं तर ड्रोन कशाला मागवला असता?

यात पोरांना बोल लावणं सोपं आहे. पण बैठकीत ‘कमीपणा नको’ म्हणून खर्च वाढवणारे पन्नाशीतले काकाच असतात, आणि रीलखाली पहिला बदामही त्यांचाच.