मूर्तीला भिंत मिळाली, माणसाला दार कधी?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर अर्धनारीश्वर आहे. उजवे अंग पुरुषाचे, डावे स्त्रीचे. राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास अशा मूर्तींकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘आपल्या संस्कृतीने हे केव्हाच स्वीकारले आहे.’

कुणाला स्वीकारले? या मंदिराचे दार दलितांसाठी उघडले १९३९ मध्ये. तंजावरच्या भोसले घराण्यातले वंशपरंपरागत विश्वस्त राजाराम राजे यांनी तेव्हा बृहदीश्वरासह नव्वद मंदिरे खुली केली. त्याआधी जवळपास १८० वर्षे तिथे मराठ्यांचेच राज्य होते, हेही आपण मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे. देवाच्या दोन अंगांना जागा देणाऱ्या भिंतीने माणसांना शतकानुशतके बाहेर ठेवले.

तरीही शिल्पाचे मोल आहे. स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला शब्द सापडत नाहीत, तेव्हा असा आकार आधार देऊ शकतो. पण अर्धनारीश्वर घडून पूर्ण झालेला आहे. माणसाचा बदल वर्षानुवर्षे चालतो. तंजावर जिल्ह्यातल्याच स्वामीमलईत पंचधातूची मूर्ती आधी मेणात घडवतात. त्यावर मातीचा लेप देऊन तापवतात, मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मेण आहे तोवर शिल्पकार आकार बदलू शकतो.

माणसाला ही मुभा कायदा देतो का? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात आपली लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने मात्र ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. थोडक्यात, कायद्याला पूर्ण झालेली मूर्तीच हवी होती.

भरतनाट्यम नर्तकी नर्तकी नटराज या ट्रान्स स्त्री आहेत. तंजावर परंपरेचे गुरू किट्टप्पा पिळ्ळै यांनी त्यांना शिकवले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मंदिरातल्या मूर्तीने नव्हे, शिकवायला तयार झालेल्या माणसाने त्यांची वाट मोकळी केली. पण असा गुरू भेटणे नशिबावर सोडता येत नाही. त्यासाठी हक्क लागतो.

तामिळनाडूतल्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या ग्रेस बानू म्हणूनच समांतर आरक्षण मागतात. सगळ्या ट्रान्स व्यक्तींना ओबीसीत टाकले, तर जातीचा अनुभव पुसला जातो. फक्त अनुसूचित जातीत ठेवले, तर लिंगभावामुळे होणारा भेदभाव मोजलाच जात नाही. महिलांसाठी असते तसे प्रत्येक प्रवर्गाच्या आत आरक्षण असेल, तरच दोन्हींची दखल घेतली जाईल. कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत असे १ टक्का आरक्षण दिले.

‘गुणवत्ता असेल तर कुणीही पुढे येतो’ हे वाक्य घरातल्या पहिल्या पदवीधराला पुरेपूर माहीत असते. ते आपण ट्रान्स मित्रमैत्रिणींना ऐकवू नये. समांतर आरक्षणाची मागणी त्यांची एकट्यांची नाही. ती आपल्या मोर्च्यांत आणि निवेदनांतही असली पाहिजे.