रणगाड्याची तहान आणि वर्ध्याची पऱ्हाटी

पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात देशाच्या तोफांची शिदोरी ठेवलेली आहे. ती सीमेपर्यंत नेणारा चालक आपला, त्याच्या हाताखालची गाडी जबलपूरच्या कारखान्यात जुळवलेली. टाकीतले डिझेल मात्र परक्याचे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण आयात करतो आणि त्यातला मोठा वाटा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. ती वाट महिनाभर अडली तर पेट्रोल पंपावर रांगा लागतील, हे सामान्य माणसाला कळते. लष्कराच्या गाड्यांचे काय होईल, हा प्रश्न मात्र वर्धा जिल्ह्यात कोणी विचारत नाही. देशातले सर्वात मोठे दारूगोळा भांडार ज्या जिल्ह्यात आहे, त्याला हे मौन परवडणारे नाही.

लढाईत तोफगोळ्याआधी डिझेल संपते, हे अलीकडच्या युद्धांनी दाखवले आहे. २०२२ मध्ये कीव्हच्या वाटेवर रशियन वाहनांचा साठ किलोमीटरहून लांब ताफा दिवसेंदिवस जागीच अडकून पडला. इंधनाचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अफगाणिस्तानात इंधन वाहून नेणाऱ्या दर चोवीस ताफ्यांमागे एक माणूस जायबंदी किंवा ठार होत असल्याचा हिशेब अमेरिकी लष्कराच्याच अभ्यासाने २००९ मध्ये मांडला. आपल्याकडे तर टी-९० सारखा रणगाडा किलोमीटरला दोन-तीन लिटर डिझेल सहज पितो. लडाखची सर्व रसद हिवाळ्याआधी डोंगर चढवून साठवावी लागते. तिथे साधे डिझेल थंडीने थिजते, म्हणून इंडियन ऑइलला २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल काढावे लागले. म्हणजे एकेका लिटरमागे जहाज आहे, रेल्वे आहे, टँकर आहे आणि शेवटी घाटात जीव मुठीत धरून गाडी हाकणारा जवान आहे.

सरकार अगदीच झोपलेले नाही. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केलेले जैवइंधन दहा टक्के मिसळून हवाई दलाचे एएन-३२ विमान डिसेंबर २०१८ मध्ये उडाले. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी ते राजपथावर दिसले आणि जानेवारी २०२० मध्ये लेहच्या धावपट्टीवरही उतरले. निवडक तुकड्यांतली २५ टक्के हलकी वाहने, ३८ टक्के बस आणि ४८ टक्के मोटारसायकली विजेवर नेण्याचा आराखडा भूदलाने २०२२ मध्ये जाहीर केला. २०२४ मध्ये इंडियन ऑइलबरोबर हायड्रोजनवर चालणाऱ्या बसचा करार झाला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण संचलनात उडालेले एक विमान आणि छावणीत फिरणारी एक बस यांनी युद्धकाळाची तरतूद होत नसते. डिझेलवरच्या अवजड ट्रकांचे पुढच्या दहा वर्षांत काय करायचे, याचे वेळापत्रक देशासमोर आलेले नाही.

घाईगर्दीत एक चूक पुन्हा होण्याचा धोकाही आहे. २००३ नंतर जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, पडीक जमिनीवर डिझेल पिकवणार असा गाजावाजा झाला. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात बायोडिझेलचे मिश्रण नगण्यच राहिले. पाण्याविना झाड जगते, पण भरघोस फळत नाही, हे शेतकऱ्याला विचारले असते तरी कळले असते. आता कोणी सरकीचे किंवा सोयाबीनचे तेल ट्रकात ओतायला सांगेल. त्यालाही ठाम नकार द्यायला हवा. आपण खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवतो. शिवाय सरकीच्या तेलाचे बायोडिझेल थंडीत लवकर गोठते आणि फार काळ साठवले की खराब होते. लष्कराला तर इंधन महिनोन्‌महिने साठवावे लागते. ताटातले तेल काढून टाकीत घालण्यात ना शेतकऱ्याचे हित आहे, ना जवानाचे.

मग वर्ध्याकडे आहे काय? पऱ्हाटी आहे, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरणारी कपाशीची झाडे. कापसाची शेवटची वेचणी झाली की देवळी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या शिवारांत पऱ्हाट्या उपटल्या जातात, धुऱ्यावर ढीग लागतात आणि त्यांना काडी लावली जाते. काही चुलीत जातात. जिथे फरदडीच्या, म्हणजे हंगामानंतरच्या जादा वेचणीच्या, मोहापायी त्या उभ्याच राहतात, तिथे गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. कृषी विभाग दरवर्षी पऱ्हाटी काढा म्हणून कानीकपाळी ओरडतो. पण काढून करायचे काय, विकायची कुणाला, याचे उत्तर तो देत नाही. पऱ्हाटी लाकडासारखी टणक असल्याने गोबर गॅसच्या टाकीत ती सहजी कुजत नाही. पण तिचे तुकडे करून अपुऱ्या हवेत तापवले तर जळाऊ वायू मिळतो आणि त्यापासून द्रव इंधनही बनवता येते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लाखो गाड्या लाकडाच्या वायूवर चालवल्या. पेट्रोलचे रेशनिंग असताना आपल्याकडेही कोळशाच्या वायूवर बस धावत होत्या. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प २०२२ पासून उभा आहे. तंत्र जुने आहे आणि ज्ञात आहे. नाही ती इच्छा.

गांधीजींच्या जिल्ह्यात लष्कराच्या इंधनाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने वर्ध्यातल्या मगनवाडीचा इतिहास आठवावा. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा यांच्या काळात तिथे रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये कुमारप्पांनी निसर्गाचे दोन भाग केले: उपसला की संपणारा साठा आणि वाहत राहणारा प्रवाह. तेलासारख्या साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था माणसांना भांडणाकडे नेते, हा त्यांचा इशारा होता. गेल्या ऐंशी वर्षांतल्या तेलाच्या लढायांनी तो खरा केला. आज त्याच जबलपुरात लष्कराच्या गाड्या बनतात आणि मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. ग्रामीण ऊर्जा हा तिच्या कामाचा एक विभाग आहे. काखेत कळसा असताना दिल्लीने गावाला वळसा घालू नये.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, संरक्षण मंत्रालयाने बिगरलढाऊ वाहनांसाठी पर्यायी इंधनाचे वर्षनिहाय लक्ष्य जाहीर करून दरवर्षी त्याचा हिशेब संसदेत ठेवावा. दुसरी, पुलगावात भांडाराच्या स्फोटक क्षेत्राबाहेरच्या गाड्या आणि यंत्रे, म्हणजे पाण्याचे टँकर, कर्मचाऱ्यांच्या बस, वसाहतीचे जनरेटर, आधी जैविक वायूवर व विजेवर न्यावेत. स्फोटकांजवळ बॅटरी असो वा वायू, कडक सुरक्षा चाचणीशिवाय काहीही जाऊ नये. मे २०१६ च्या आगीत आणि नोव्हेंबर २०१८ च्या स्फोटात माणसे गमावलेल्या गावाला प्रयोगासाठी वेठीला धरता येणार नाही. तिसरी, जिल्हाधिकारी, मगनवाडीची संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी मिळून पऱ्हाटीचे संकलन उभारावे. हमीभाव आधी, इंधनाचा प्रकल्प नंतर. पऱ्हाटी हलकी पण अवाढव्य असते. शेतातच श्रेडरने कापली नाही तर वाहतुकीचाच खर्च मालापेक्षा जड होईल आणि ढीग पुन्हा धुऱ्यावरच पेटेल.

सीएनजीत जैविक वायू मिसळण्याचे बंधन केंद्राने घातले आहे आणि २०२८-२९ पासून ते पाच टक्क्यांवर जाणार आहे. म्हणजे शेतातल्या अवशेषांपासूनच्या इंधनाला बाजार तयार होतो आहे. त्यात पहिले मोठे आणि खात्रीचे गिऱ्हाईक लष्कर झाले तर शेतकरी भरवसा ठेवेल. युद्ध पेटल्यावर इंधनाचा पर्याय शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. जिल्ह्याच्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा आणि संरक्षणमंत्र्यांकडून तारखांसह उत्तर घ्यावे.