नाममुद्रेचा अधिकार

आज आषाढी एकादशी. आळंदी, देहू, पैठण, त्र्यंबकेश्वर, मुक्ताईनगर अशा ठिकठिकाणांहून निघालेल्या पालख्या पंढरीस पोहोचल्या आहेत आणि चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगांच्या घोषाने दुमदुमून गेले आहे. ज्यांना वारी घडली नाही ते घरोघरी उपवास करून अभंग म्हणत आहेत. अभंगांतील भक्तिरसाविषयी आजच्या दिवशी पुष्कळ लिहिले-बोलले जाते व ते योग्यच होय. आम्हांस मात्र आज वाचकांचे लक्ष अभंगाच्या शेवटच्या चरणाकडे वेधावयाचे आहे. त्या चरणात रचणाऱ्याचे नाव येते. कोणी नामा, कोणी तुका, कोणी जनी, कोणी चोखा. यास नाममुद्रा म्हणतात. आपल्या कानांना ती इतकी सरावाची झाली आहे की, तिच्यात केवढा अधिकार साठविलेला आहे याचा विचार सहसा मनात येत नाही.

ज्या काळी ज्ञान संस्कृतात होते आणि संस्कृत मोजक्यांच्या हाती होते, त्या काळी नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी यांनी आपल्या बोलीत रचना केली व तिच्याखाली स्वतःचे नाव घातले. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाईही त्यात मागे राहिली नाही. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याचे तर सारे घरच बोलते झाले. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांचे अभंग आज आपणांस उपलब्ध आहेत. ते एकासारखे एक नाहीत, हे विशेष. चोख्याची वाणी आर्त आहे; कर्ममेळा देवाशी रोखठोक भांडतो; सोयराबाई तर विटाळ या कल्पनेलाच हात घालते. एकाच घरातील, एकच अवहेलना सोसणारी ही माणसे. परंतु प्रत्येकाचे म्हणणे निराळे. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी, कितीही सहानुभूतीने, लिहिले असते तरी या पाच वाण्यांची एकच सरमिसळ वाणी झाली असती. समाजाच्या वतीने बोलणारे फार असतात. समाजातील माणसाने स्वतः बोलणे ही गोष्ट वेगळी आहे, आणि बळ येते ते त्या बोलण्याने.

येथे कोणी विचारील की, अक्षरओळख नसलेल्यांची वाणी टिकली कशी? परंपरेने त्याचे उत्तर देऊन ठेविले आहे. ज्ञानेश्वरीचे लेखन सच्चिदानंदबाबांनी केले, चोख्याचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले आणि जनाबाईचे अभंग तर प्रत्यक्ष पांडुरंगाने लिहिले, असे वारकरी सांगतात. इतिहाससंशोधक या कथांची छाननी खुशाल करोत. त्यांतील आशय आमच्या मते फार मोलाचा आहे. ज्यास लिहिता येते त्याने, ज्यास येत नाही त्याच्यापाशी लेखनिक म्हणून बसावे. आपल्या पदरचा शब्द घालू नये. आणि शेवटी नाव सांगणाऱ्याचे राहू द्यावे, असा तो धडा आहे.

हा धडा महाराष्ट्र अगदीच विसरला नाही. खानदेशातील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचत गेलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेविली. 1951 साली बहिणाबाई निवर्तल्या. आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात ती वही आली आणि 1952 साली त्यांच्याच प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. लेखनिकांनी त्या बोलीवर प्रमाण भाषेचा रंधा फिरविला असता तर आपल्या हाती काय उरले असते, याची कल्पनाही करवत नाही. पुढे गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल-रखुमाई आहेत, पंढरीची वाट आहे; तसेच माहेर आहे, सासुरवास आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही आहेत. या संग्रहाचा आम्हांस विशेष आदर वाटतो तो एवढ्यासाठी की, ओवी गाणारीचे नाव आणि गाव त्यात नोंदविले गेले. 'लोकगीत' म्हटले की आपण कवयित्रीचे नाव सहज पुसून टाकतो. येथे ते राखले गेले.

परंतु लेखनिकाचे काम कायमचे नव्हे. एके दिवशी लेखणी सांगणाऱ्याच्याच हाती जावयास हवी. तशी ती गेली तेव्हा काय घडले, हेही आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. काही थोड्या वर्षांच्या शिक्षणानंतर त्या शाळकरी मुलीने आपल्या लोकांची स्थिती अशा शब्दांत मांडली की, तिचे प्रश्न आजही टाळता येत नाहीत. माउलींची पालखी ज्या फलटणास मुक्काम करते, त्याच फलटणात बेबीताई कांबळे दुकान चालवीत असत. गिऱ्हाईक नसे त्या वेळी त्या वहीत आपल्या समाजाचे व आपले जिणे लिहीत आणि ती वही कित्येक वर्षे घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवीत. ते लेखन 1982 साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले व 1986 साली 'जिणं आमुचं' या नावाने ग्रंथरूपास आले. त्या नावातील 'आमुचं' हा शब्द आम्हांस नाममुद्रेचेच नवे रूप वाटतो.

शब्दांनी काय होते, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चोख्याचे अभंग देवळात गाइले गेले. चोखा मात्र बाहेरच राहिला. महाद्वारापाशी त्याची समाधी आहे. त्याच्या समाजास ते द्वार उघडावे म्हणून साने गुरुजींना महाराष्ट्रभर दौरा काढावा लागला आणि अखेर मे 1947 मध्ये पंढरपुरी दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले. अभंग आणि उघडलेले दार यांच्यामध्ये सहा शतके गेली. नुसत्या शब्दाने कुलूप निघत नाही, हे आम्ही मान्य करतो. तथापि चोखा न बोलता गेला असता तर दाराबाहेर कोणी उभे आहे, ही गोष्टच आत विसरली गेली असती. त्याची तक्रार दरवर्षी, ज्यांच्याविरुद्ध ती होती त्यांच्याही मुखाने, गाइली गेली. तिने अन्यायास स्वस्थ झोप लागू दिली नाही.

आज देवळाची दारे उघडी आहेत. मात्र दुसरे काही उंबरठे अद्याप शिल्लक आहेत. साक्षरतेचा अर्थ आपण अंगठ्याऐवजी सही, एवढाच करून बसलो आहो. ग्रामसभेचे इतिवृत्त एकजण लिहितो आणि बाकीचे त्याखाली सह्या करतात. बचत गटाच्या वहीचीही पुष्कळ ठिकाणी हीच तऱ्हा असते. बैठकीत बाया तावातावाने बोलतात. वहीत मात्र 'चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर' एवढेच उतरते. परक्याच्या मजकुराखाली केलेली सही आणि स्वतःच्या म्हणण्याखाली घातलेले नाव यांत, दासी म्हणून राबणे आणि जनी म्हणून बोलणे यांच्याइतकेच अंतर आहे.

यास फार मोठा निधी लागतो असेही नाही. बैठकीची वही पाळीपाळीने प्रत्येकीने, येईल त्या भाषेत, लिहावी. गावच्या ग्रंथालयाने एक कोरी वही ठेवून तीत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओव्या, कामाच्या, दुष्काळाच्या, स्थलांतराच्या हकिकती नावागावानिशी टिपून घ्याव्यात. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांकडून शिक्षकांनी ठरावीक 'माझा आवडता सण' लिहून घेण्याऐवजी कोप्यांवरच्या दिवसांचा निबंध लिहून घ्यावा आणि तो भित्तिपत्रकावर लावावा. शुद्धलेखनाच्या चुका मागाहून सुधारता येतील. पहिल्याच ओळीवर तांबडी रेघ ओढली तर दुसरी ओळ येणार नाही. आणि आम्हां वृत्तपत्रवाल्यांवरही यात एक जबाबदारी येते. अशा लेखनास जागा देताना त्याची बोली आम्ही राखली पाहिजे.

वारीत टाळ प्रत्येकाच्या हाती असतो. ऐकणारा आणि गाणारा असा भेद दिंडीत राहत नाही. तीच रीत लेखणीच्या बाबतीत रूढ व्हावी, अशी आजच्या पुण्यदिनी आमची प्रार्थना आहे. जनीच्या कथेत पांडुरंगाने लेखणी हाती धरली, परंतु शेवटच्या चरणात नाव जनीचेच राहू दिले. शिकल्यासवरल्यांनी आज पांडुरंगाला हात जोडताना तेवढे ध्यानात ठेविले तरी पुष्कळ झाले.